नवव्या कार्डाचे सहा सेकंद

“थांब, थांब. माझं नाव हितं येऊ दे,” श्रीपती म्हणाला आणि पेटीची पट्टी तशीच दाबून धरली. सूर लांबत राहिला. “हितं सनई एकटी हाय बघ. तबला न्हाई, व्हायोलिनं न्हाईत. नुसती सनई आणि माझं नाव.”

मी हातातलं घड्याळ थांबवलं आणि वहीत लिहिलं : नववं कार्ड, एक मिनिट चौतीस सेकंदांवर.

एकोणऐंशी सालचा जानेवारी होता. कोल्हापुरात शनिवार पेठेत माझं पेंटरचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर हे पोटापाण्याचं काम, आणि सिनेमाची टायटलं हे जिवाचं. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगात ब्रशनं एकेक नाव काढायचं. मग ती कार्डं मुंबईला न्यायची. तिथं एका उभ्या टांगलेल्या कॅमेऱ्याखाली ती एकामागून एक ठेवून चित्रित करायची आणि सिनेमाच्या पहिल्या दृश्यांवर चढवायची. आता हे सगळं खुर्चीत बसल्याबसल्या होतं म्हणे. होत असेल. अक्षरांच्या पोटात किती जागा सोडायची हे आता कुणाला कळत नाही, ते टायटल बघताना लगेच दिसतं.

‘माळावरची सुगंधा’ या सिनेमाची अकरा कार्डं होती. टायटलचं संगीत दोन मिनिटं दहा सेकंदांचं. कुठलं कार्ड किती वेळ ठेवायचं, याची माझी एक रीत होती. कार्डावरचं नाव मनात सावकाश दोनदा वाचायचं. जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते पडद्यावर. त्या हिशेबानं ‘संगीत : श्रीपती गुरव’ याला चार सेकंद पुरेसे होते. मी सहा दिले.

“सहा?” श्रीपतीनं डोळे मोठे केले. “आणि दिग्दर्शकाला?”

“पाच.”

“मार खाशील, मर्दा.”

“कोण घड्याळ लावून बसतंय?” मी म्हटलं.

तो इतका हसला की पेटीचा भाता सुटला. हसू ओसरल्यावर मात्र त्यानं वही माझ्या हातातून घेऊन तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा बघितला.

श्रीपतीचा बाप खेड्यातल्या देवळात सनई वाजवायचा. श्रीपती पेटी घेऊन कोल्हापुरात आला आणि बावीस वर्षं दुसऱ्या संगीतकारांच्या हाताखाली वाजवत राहिला. वाजवत राहिला म्हणजे काय, निम्म्या चाली त्यानंच बांधल्या. नाव दुसऱ्यांचं यायचं. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही, पण सिनेमाला गेला की टायटलं सुरू होण्याआधी दहा मिनिटं खुर्चीत बसलेला असायचा. मॅट्रिकचा निकाल बघावा तसा एकेक नाव बघायचा, आणि टायटलं संपली की पुष्कळदा उठून घरी जायचा. आता पहिल्यांदा अख्खा सिनेमा त्याचा होता. निर्माते भूपाल चौगुले यांनी त्याचं काम ऐकून स्वतः घरी येऊन त्याला विचारलं होतं.

“उद्या तुझं कार्ड काढतो,” मी म्हटलं. “संध्याकाळी ये बघायला.”

“न्हाई येणार.”

“का?”

“पुठ्ठ्यावर कुणाचंबी नाव असतंय. माझ्या मेव्हण्याचं पिठाच्या गिरणीवर हाय की. मी पडद्यावरच बघणार. सनई वाजताना.”

एवढं बोलून तो उठला आणि उठता उठता बरगडीखाली हात दाबून पुन्हा खाली बसला. गेले दोन महिने हे चाललं होतं. डोळेही पिवळट दिसायला लागले होते.

पुढच्या आठवड्यात त्याला मिरजेला दाखवलं. त्याची बायको शालनवैनी आणि मी बरोबर होतो. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि त्याला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. पोटातली गाठ पसरली होती. आता कापून उपयोग नव्हता.

“किती दिवस?” मी विचारलं.

“महिना. फार तर दीड.”

त्या काळी त्या रोगाचं नाव माणसासमोर घेत नसत. नाव ऐकूनच माणूस आठ दिवसांत संपतो, असं सगळे म्हणायचे. शालनवैनी लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या, पण बाई धीराची. त्यांनी तिथल्या तिथं पदरानं डोळे कोरडे केले.

“भावजी, त्यास्नी कावीळ म्हणून सांगायचं. पिच्चर लागूस्तोवर तरी त्यास्नी यातलं काय कळायला नको.”

आम्ही बाहेर येऊन ‘कावीळ’ म्हणून सांगितलं. “मग आता उसाचा रस काय?” एवढंच त्यानं विचारलं. येताना एस्टीत खिडकीशी बसून तो बाहेर बघत होता. मला वाटलं, नवी चाल बांधतोय.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला भूपालशेठ दुकानात आले. माणूस सज्जन. आल्या आल्या स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ माझ्या रंगाच्या डब्यांकडे बघत राहिले.

“गजानन, श्रीपतीचं कार्ड काढलंस?”

“काढलं.”

“आणखी एक काढ. कै. घालून.”

मी ब्रश खाली ठेवला.

“अरे, बघू नको असा. पिक्चर लागणार एप्रिलच्या मध्यात. डॉक्टर म्हणतात दीड महिना. मुंबईच्या कॅमेऱ्याची तारीख आपल्याला एकदाच मिळालीय. दोन्ही कार्डं घेऊन जा. त्या दिवशी जी परिस्थिती असेल ती बघ आणि ठरव.”

“मी ठरवू?”

“तुझ्याइतका जवळचा कोण आहे त्याला?”

त्यांचं म्हणणं मला पटलं, हे कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी एका सिनेमाची टायटलं मी केली होती. त्यातला तबलजी सिनेमा लागायच्या आधी वारला, आणि कै. लावायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याची बायको सिनेमा बघून थेट माझ्या दुकानात आली होती. “पेंटर, तुम्ही त्यास्नी अजून जित्तंच ठेवलंय,” एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसून राहिली. तिचा तो चेहरा मी विसरलो नव्हतो. शालनवैनींवर ती पाळी येऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून मी दुसरं कार्ड काढलं. जिवंत मित्राच्या नावाआधी ती अक्षरं काढताना हात थरथरला नाही, याची मला आजही लाज वाटते. उलट ती बरोबर बसावीत म्हणून मी नाव अर्धा इंच उजवीकडे सरकवलं.

मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याला भेटायला गेलो. चमच्यानं दिलेलं पाणीही त्याच्या ओठांतून बाहेर येत होतं. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण त्यानं ओळखलं की नाही ते कळलं नाही. बाहेर गल्लीतल्या बायका हलक्या आवाजात बोलत बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मुंबईत कॅमेऱ्याखाली एकेक कार्ड ठेवत आम्ही आठापर्यंत आलो. कॅमेरावाल्यानं दोन्ही पुठ्ठे उचलून दाखवले.

“नऊ नंबरला दोन आहेत. यातलं कुठलं?”

मी कै. असलेलं पुढं केलं. सहा सेकंद म्हणजे एकशे चव्वेचाळीस चित्रं. तो एकेक खटका ओढत होता आणि मी मोजत होतो. मोजून संपलं तेव्हा मला वाटलं, आपण मित्रासाठी एक अवघड काम नीट पार पाडलं.

कोल्हापूरला परत आलो तर श्रीपती उशीला टेकून बसला होता आणि दुधात भाकरी कुस्करून खात होता.

“काय गा गजा,” तो म्हणाला, “माझी सनई नीट जुळवलीस का?”

कुणा वैद्याचा काढा लागू पडला म्हणा, की अशा रोगात मधेच चार दिवस बरे येतात म्हणा. मार्च उजाडला तेव्हा तो अंगणात येऊन बसायला लागला. मार्च सरता सरता पेटीवर बोटं फिरवायला लागला. गल्लीत आनंदीआनंद. शालनवैनींनी अंबाबाईची ओटी भरली. आणि मी? माझा जिवलग मित्र बरा होत होता आणि मला त्याचीच भीती वाटत होती. त्याला एक घास जास्त गेला की मी कॅलेंडर बघायचो. असलं मन कुणाचं असू नये.

शेवटी मी भूपालशेठकडे गेलो.

“एक कार्ड बदलायचंय, शेठ.”

“चार प्रिंटा निघाल्यात, गजानन. सांगली, साताऱ्याला पेट्या रवाना झाल्या. आता एक अक्षर हलत नाही.”

“तो बघायला येणार. पहिल्याच खेळाला.”

भूपालशेठनी कपाळाला हात लावला.

“त्याला आणायला तूच जा,” ते म्हणाले. “रिक्षा जरा उशिरा ने. टायटलं झाल्यावर आत या. नंतर तो काय परत परत येऊ शकणार आहे?”

तेही मला पटलं. त्या दिवसांत मला सगळंच पटत होतं.

शुक्रवारी तीनचा खेळ. मी रिक्षा घेऊन मुद्दाम पावणेतीनला त्याच्या दारात पोचलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या पाटोळे टेलरनी शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगितलं, “दोनलाच गेली की दोघंबी. म्हणाला, टायटलं चुकायला नकोत.”

मी रिक्षा तशीच वळवायला लावली. टॉकीजला पोचलो तेव्हा खेळ सुरू व्हायला पाच मिनिटं होती. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, श्रीपती बसला होता. नवं धोतर, इस्त्रीचा सदरा, आणि उकाड्यातही गळ्याला मफलर. त्याच्यात राहिलेला माणूस मावूनही तो सदरा निम्मा रिकामा राहत होता. शालनवैनींनी त्याला पाठीमागं उशी दिली होती. त्यानं मला बघितलं आणि लांबूनच बोटानं छताकडं, म्हणजे मशीनच्या खोलीकडं दाखवून विचारलं, झालं का सुरू? लहान पोरासारखा दिसत होता.

त्याच्याजवळ जाऊन बसायचं, हात धरायचा आणि सांगायचं, एवढं सोपं काम होतं. पाच मिनिटं होती. मी मागे वळलो आणि जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत गेलो.

हुसेन मुजावर तिथं तीस वर्षं मशीन चालवत होते. पहिलं रीळ चढवून ते बिडी विझवत होते. मी धापा टाकत त्यांना सगळं सांगितलं.

“कापून टाकूया की तेवढं,” ते म्हणाले. “कात्री हाय.”

“कापलं तर सनईबी कापली जाईल, चाचा. आवाज त्याच पट्टीवर असतोय.”

“मग?”

“सहा सेकंद भिंगासमोर हात धरा.”

मुजावरचाचांनी मान हलवली. “माझ्या हातनं न्हाई व्हायचं. माणूस नाव बघायला आलाय, आणि मी अंधार करू? तुझं कार्ड, तुझा दोस्त. तू धर.”

घंटा झाली. दिवे गेले. मशीन सुरू झालं आणि खोलीभर खडखडाट भरला. मी भिंगाच्या बाजूला उभा राहिलो. शेजारच्या छोट्या खिडकीतून श्रीपतीचं डोकं पाठमोरं दिसत होतं. पहिलं कार्ड, दुसरं, तिसरं. त्याचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर ताल धरत होता. सातवं कार्ड. आठवं. व्हायोलिनं उतरायला लागली, तबला थांबला. त्याचं बोट हवेत वर झालं आणि तिथंच राहिलं.

मी तळवा भिंगासमोर धरला.

सनई सुरू झाली. खाली काळोख. तळव्यावर नुसता पांढरा उजेड होता. त्यात अक्षर कुठंच नव्हतं. हाताला चटका बसत होता तरी मी हलवला नाही. पहिल्यांदा नुसती कुजबूज झाली, मग शिट्ट्या. “ए ऑपरेटर! झोपला काय!” मी मनात त्याचं नाव वाचत होतो, सावकाश, आणि वाचताना मला रडू फुटलं. हात काढला तेव्हा पडद्यावर भूपालशेठचं नाव आलेलं होतं. श्रीपतीचं बोट अजून तसंच वर होतं. मग ते खाली आलं.

मध्यंतरात तो जिन्याच्या पायरीवर बसलेला सापडला. लोक येऊन गाण्यांची वाहवा करत होते. तो सगळ्यांना हात जोडत होता.

“माझ्याच वेळेला, गजा,” तो म्हणाला. “अकरा कार्डांत नेमकं माझ्याच.”

“मशीन जुनं झालंय.”

“व्हय, जुनं झालंय.” त्यानं आणखी एकाला हात जोडले. “सनई ऐकलीस?”

“ऐकली.”

“चांगली झालीय न्हवं?” असं म्हणून तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा एकदम मोडला. बावीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. शालनवैनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत “उद्या परत येऊ, उद्या परत येऊ” म्हणत होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते बिनकै.चं कार्ड कागदात गुंडाळून त्याच्या घरी घेऊन गेलो. कालच्या धावपळीनं तो पार गळून गेला होता. मी कागद सोडायला लागलो तसा त्यानं हात मधे घातला.

“पुठ्ठा दाखवतोस मला?” तो म्हणाला. “राहू दे. ताकद आली की जातो मी. सोमवारी, मंगळवारी. तेवढ्यात मशीन दुरुस्त हुईल की.”

मी मान डोलावली आणि निघालो. त्यानंतर त्याच्या घराची पायरी चढायचं मला धाडस झालं नाही.

पण प्रश्न एका खेळाचा नव्हता. रोज तीन खेळ होते. कुणीतरी कार्ड वाचणार, घरी जाऊन बोलणार, संध्याकाळपर्यंत गल्लीत लोक भेटायला येणार. म्हणून त्या पहिल्या शुक्रवारपासूनच मी रोज टॉकीजला जायला लागलो. दुकान बंद. तीनला, सहाला, नऊला त्या खोलीत जाऊन उभा राहायचो, सहा सेकंद हात धरायचो आणि खाली येऊन टॉकीजच्या मागं चहाच्या गाड्याशी पुढच्या खेळाची वाट बघत बसायचो. भूपालशेठनी मालकाशी बोलून घेतलं होतं. मुजावरचाचा माझ्याशी एक शब्द बोलत नसत. तळव्याला फोड आला तेव्हा मात्र त्यांनी न बोलता खोबरेल तेलाची बाटली पुढं सरकवली. त्या दिवसांत कोल्हापुरात हजारो लोकांनी तो सिनेमा बघितला. त्याचं नाव एकानंही वाचलं नाही. मी वाचू दिलं नाही.

बुधवारी पाटोळे टेलर चहाच्या गाड्यापाशी मला शोधत आले. “श्रीपती बोलवालाय तुला. हातातलं काम टाकून ये म्हणाला.”

“येतो,” मी म्हटलं.

मला ठाऊक होतं तो काय विचारणार. मशीन दुरुस्त झालं का, आणि मला कधी नेतोस. त्याच्या डोळ्याला डोळा लावून ‘अजून नाही’ म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. शुक्रवारी पाटोळे परत आले. “आरं, लईच वाट बघतोय. जाऊन ये की एकदा.” मी पुन्हा ‘येतो’ म्हटलं आणि सहाच्या खेळासाठी जिना चढलो.

रविवारी पहाटे श्रीपती गेला.

त्या दिवशी तीनच्या खेळाला मी टॉकीजला गेलो नाही. स्मशानातून परत आलो होतो आणि दुकानाचं दार लावून आत बसलो होतो. आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. कार्ड खरं झालं होतं.

दहाव्याचं सगळं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शालनवैनी दुकानात आल्या. उंबऱ्याच्या आत न येता उभ्या राहिल्या.

“भावजी, पिच्चर उद्या उतरतोय म्हणं. मला न्या.”

“वैनी, अजून तेरावं व्हायचंय. लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

मी दुकान बंद केलं आणि आम्ही तीनच्या खेळाला गेलो. बाल्कनीत वीसेक माणसं होती. शालनवैनी पहिल्या रांगेत मधोमध, त्याच खुर्चीत बसल्या. शेजारच्या खुर्चीत मी. एवढ्या दिवसांत मी हा सिनेमा खालून एकदाही बघितला नव्हता.

टायटलं सुरू झाली. त्या एकही कार्ड न चुकवता बघत होत्या. मग व्हायोलिनं उतरली, तबला थांबला आणि सनई सुरू झाली. पडद्यावर माझं नववं कार्ड आलं. अक्षरं चांगली उमटली होती, मागच्या माळावरच्या उन्हात स्वच्छ दिसत होती. शालनवैनींनी श्वास रोखून धरल्याचं मला कळलं. सहा सेकंद फार असतात, असं मला त्या खोलीत वाटायचं. इथं बसून ते काहीच वाटले नाहीत. नाव गेलं.

पहिलं गाणं लागलं. मग त्या हळूच म्हणाल्या, “भावजी, मला वाचता येत न्हाई. पर त्यांचं नाव मी वळखते, रेशनकार्डावर बघून बघून पाठ झालंय. त्या नावाच्या आधी टिंब असलेलं एक अक्षर हुतं. ते कसलं, तुम्हीच सांगा.”

मी सांगितलं. ते कसलं अक्षर, कुणी काढलं, मुंबईत दोन्ही कार्डं हातात असताना मी कुठलं दिलं, आणि नऊ दिवस भिंगासमोर कुणाचा हात होता, सगळं सांगितलं. मधेच माझा आवाज चढला असावा, कारण बाजूचा एक माणूस वळून बघायला लागला. “मला माफ करा म्हणायचं तोंड नाही मला, वैनी,” मी म्हटलं. “पण त्याला आपण मरणार हे त्या पडद्यावरून कळायला नको होतं. तेवढ्यासाठी केलं.”

शालनवैनी पडद्याकडंच बघत होत्या.

“त्यास्नी ठाऊक हुतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“सगळंच. मिरजेत आपण आत गेलो तवा बाकावर शेजारी एक माणूस बसलेला. त्याच्या हातात तसलाच कागद. त्यानं ह्यास्नी सांगितलं कसला रोग ते; मला हे शेवटच्या आठवड्यात बोलले. माझ्यासाठी गप ऱ्हायले. मी त्यांच्यासाठी गप. आम्ही दोघंबी तीन महिने कावीळ कावीळ करत बसलो.”

त्या आता थांबल्या नाहीत.

“पिच्चर लागल्यापासनं जो येईल त्याला इचारायचे, माझं नाव आलं का. जो तो म्हणायचा, नेमका तवाच अंधार हुतोय. सनई ऐकू येतीया पर नाव दिसत न्हाई. चार-पाच दिवस सगळ्यांनी तेच सांगितलं. मग एक दिवस हसायलाच लागले. मला जवळ बोलावून म्हणाले, मशीन-बिशीन काय बिघडल्यालं न्हाई. गजाचा हात हाय तो. त्यानं कै. लावून ठेवलंय आणि आता लाजतोय. त्याला बोलवून घे. म्हणावं, लावलंस तर लावलंस, त्यात काय. मेलेला दिसलो तरी चालंल, पर नाव बघू दे. एकडाव हात काढ.”

मी खुर्चीची दांडी घट्ट धरून बसलो होतो.

“खुर्चीत घालून न्यायला गल्लीतली चार माणसं तयार हुती. धोतर-सदरा काढून ठिवला हुता उशाला. तुमचीच वाट बघत हुते.” शालनवैनींनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. “दोनदा निरोप धाडला, भावजी. तुम्ही आला न्हाईसा.”